अक्कांचा पेशंट

खोली बघायला गेलो त्या दिवशी अक्कांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला.

"दार आपटता का?"

सोलापुरात भाड्यानं जागा शोधताना लोक काय काय विचारतात ते आम्हाला पाठ झालं होतं. आडनाव काय, गाव कुठलं, मटण-मासे खाता का, गावाकडची माणसं किती येतात. त्या सगळ्याची उत्तरं आम्ही नवरा-बायको रिक्षातच ठरवून आलो होतो. दाराचं काही ठरलं नव्हतं. नवरा गोंधळून म्हणाला, "नाही आपटत."

"भांडण झालं तर?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "भांडण झालं की हे गच्चीवर जाऊन बसतात."

"गच्चीला दार नाही," अक्का म्हणाल्या. "मग या राहायला."

दाराचं कारण त्यांच्या मागेच उभं होतं. हॉलच्या कोपऱ्यात, उत्तरेच्या खिडकीपासून चार हात लांब, एक पाम. माझ्या खांद्याएवढं उंच, बारीक खोड आणि त्यावर नारळासारखी, पण नारळापेक्षा पुष्कळ नाजूक पानं. मधल्या जिन्याचं दार धाडकन लागलं की वाऱ्याचा झोत यायचा, पानं एकमेकांवर घासायची आणि त्यांची टोकं फाटायची. ते अक्कांना खपायचं नाही. आमच्या आधीचे भाडेकरू दार आपटायचे म्हणून त्यांना जावं लागलं, असं शेजारणीनं पुढं सांगितलं. खरं-खोटं देव जाणे, पण त्या घरात राहिलो तेवढी वर्षं आम्ही प्रत्येक दार पाळण्यातलं मूल निजलंय अशा बेतानं लावलं.

अक्का शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातल्या. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालायचे आणि त्यांची खडखड भिंतीतून दिवसभर घरात यायची. त्यांनी लग्न केलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून लागल्या आणि तिथूनच सिस्टर-इन्चार्ज होऊन निवृत्त झाल्या. हे घरही त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं. आमच्याशी मराठी, केबलवाल्याशी दखनी आणि पामशी तेलुगू, अशी त्यांची भाषांची वाटणी होती. सकाळी पडदा सारला की पहिला शब्द त्याच्याशी. "तिन्नावा?" म्हणजे जेवलास का. मी एकदा विचारलं, "अक्का, ते रात्रीत कुठं जेवणार?" तर म्हणाल्या, "तुला शाळेत पोरं विचारतात, टीचर बऱ्या आहात का? तू सांगतेस का खरं? विचारायचं असतं, बास."

मी एका शाळेत गणित शिकवायचे म्हणून त्या मला नेहमी टीचरच म्हणायच्या.

सकाळच्या त्या कार्यक्रमाला अक्का 'राउंड' म्हणत. पांढरी सुती साडी, छातीशी उलटं टाचलेलं नर्सचं घड्याळ, चष्मा नाकावर खाली. आधी कुंडीतल्या मातीत बोट खुपसायचं, चांगलं दुसऱ्या पेरापर्यंत. वरची माती कोरडी आणि आतली ओलसर लागली तर पाणी नाही. "वरून सगळ्यांचंच तोंड सुकलेलं दिसतं. आत बघायचं," असं त्यांचं म्हणणं. आत बोटाला माती चिकटली नाही तरच पाणी. आणि पाणी शिळं. आमच्याकडे नळ दिवसाआड सुद्धा येत नाही. तो आला की सगळी गल्ली ताजं पाणी भरायला धावते, पण अक्कांची पामची बादली मात्र त्या दिवशी भरून नुसती उघडी ठेवलेली असायची. नळाच्या पाण्यातल्या औषधाचा वास उडून गेला की मग ते पाणी पामला. "झाडं तहानेनं कमी मरतात, लाडानं जास्त," हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलं, की एकदा वर्गात एका मुलाच्या आईला तेच सांगून बसले.

मग पानं पुसणं. त्यासाठी सोलापुरी टॉवेलचे तुकडे उकळून, वाळवून, घड्या करून डब्यात ठेवलेले. एक हात पानाखाली आधाराला, दुसऱ्या हातानं देठाकडून टोकाकडं. उलट्या बाजूला कोळ्याची बारीक जाळी दिसली तर पान नुसत्या पाण्यानं धुवायचं. पानाचं टोक करपून तपकिरी झालं तर शिवणाच्या कात्रीनं पानाच्याच आकारात कापायचं, पण तपकिरी रंगाची एक रेघ मागं सोडायची. "हिरव्यात कात्री गेली की परत जखम. जखम भरली तिथंच थांबायचं."

उन्हाळ्यात सगळं सोलापूर कूलरसमोर बसतं. अक्कांचा कूलर भिंतीकडं तोंड करून असायचा. थेट वारा लागला तर पान सुकतं, आणि गारवा तर पाहिजे. तेव्हा वारा भिंतीवर आपटून, मऊ होऊन पामपर्यंत यायचा. आपण कुठं बसायचं ते आपलं आपण बघायचं.

हा पाम त्यांच्याकडे आला तो निवृत्तीच्या दिवशी. निरोपाच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ असं सगळं रीतसर मिळालं. एका नवशिक्या डॉक्टरीण बाईंनी मात्र सोनेरी फीत बांधलेली छोटी कुंडी आणून हातात ठेवली. "नर्सरीत स्वस्त दिसला म्हणून आणला असणार," अक्का म्हणायच्या. "पण टीचर, मी इतकी वर्षं लोकांच्या हातात लेकरं दिली. मला कुणी काही हातात दिलेलं तेव्हाच." शाल त्यांनी बहिणीला दिली, घड्याळ वॉचमनला दिलं. पाम घरी आणला.

समोरच्या घरच्या मुलीचा साखरपुडा ठरला. मुलीची आई येऊन म्हणाली, "अक्का, स्टेजवर ठेवायला तुमचं झाड द्या की एक दिवस. भाड्याची झाडं पार मरतुकडी असतात."

"पेशंट समारंभाला जात नाही," अक्कांनी सांगितलं.

ती बाई रडकुंडीला आली. मुलगी लहानपणापासून अक्कांच्या डोळ्यांसमोर वाढलेली. शेवटी अक्का म्हणाल्या, "न्या. पण मी बरोबर येणार."

त्या खरंच गेल्या. स्टेजवरच्या दिव्यांचा ताव बघून त्यांनी पामशेजारी खुर्ची मागवली आणि ओला टॉवेल घेऊन तिच्यात बसल्या, त्या पंगत उठेपर्यंत हलल्या नाहीत. फोटोवाला म्हणाला, "आज्जी, जरा बाजूला होता का?" अक्का म्हणाल्या, "मी पेशंटबरोबर आलीय. तू लाइट बाजूला घे." त्या साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत मुलगा, मुलगी आणि अक्का आहेत. मुलाकडच्यांना वाटलं ही मुलीची कुणी थोरली आजी असणार. ते ओळीनं पाया पडायला लागले. अक्का प्रत्येकाला आशीर्वाद देत होत्या आणि नवऱ्या मुलाला मात्र धरून विचारत होत्या, "रक्त तपासलं का दोघांचं? नाही? मग अंगठीची एवढी घाई कशाला केलीत?" पुढच्याच आठवड्यात त्या दोघांनी रक्त तपासून घेतलं, हे सांगायला पाहिजे.

पाम चांगला पोसला आणि वाढत वाढत एका वर्षी स्लॅबला टेकला. वरचं कोवळं पान वाकून छताला घासायला लागलं. अक्कांची झोप उडाली. दुसऱ्या झाडाची फांदी छाटता येते. पामला शेंड्याकडं एकच कोंब असतो, तो गेला की झाड गेलं. बाहेर अंगणात लावावा तर इतकी वर्षं सावलीत वाढलेली ती पानं आमच्या उन्हात दोन दिवसांत भाजून निघाली असती. अक्का कितीतरी दिवस छताकडं बघत बसायच्या. मग एका सकाळी त्यांनी गवंडी बोलावला आणि हॉलचा तो कोपरा दाखवून म्हणाल्या, "हितली फरशी काढ आणि कमरेएवढा खड्डा घे."

गवंडी वयस्कर होता. त्यानं झाडाकडं बघितलं, छताकडं बघितलं. "मावशी, घर कशाला उकरता? वरचा शेंडा उडवा की."

"उद्या तुझं डोकं चौकटीला लागलं तर काय करशील? चौकट उंच करशील का डोकं उडवशील?"

गवंड्यानं मुकाट्यानं पहार उचलली.

शहाबादी फरशा निघाल्या, खड्डा झाला, त्याला विटांचं बांधकाम झालं, तळाशी खडी पडली. आमच्या ह्यांनी ते नोकरीला होते त्या टॉवेलच्या कारखान्यातले चार जण आणले आणि दोराला धरून कुंडी हळूहळू खाली सोडली. अक्का बाजूला उभ्या राहून वॉर्डातल्यासारख्या हुकूम देत होत्या, "सावकाश! मान सांभाळा! मान!" इकडं गल्लीत बातमी पसरली की अक्कांच्या घरात धन सापडलं. दोन दिवस बायका साखर मागायला, दही मागायला, वाटी परत द्यायला म्हणून येत होत्या आणि मान लांब करून खड्ड्यात बघत होत्या. शेवटी अक्कांनी दारच सताड उघडं ठेवलं. "या, बघा. माझं धन वर आहे, खाली नाही."

खड्ड्यामुळं पामची पानं खाली आली, पलंगावर झोपलेल्या माणसाच्या अंगावर सावली धरतील इतकी खाली. हे मी नीट सांगू शकते, कारण तिथं झोपलेलं माणूस मीच होते.

मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीच्या दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्याबद्दल आम्ही घरात बोलत नसू. डॉक्टरांनी या वेळी पूर्ण विश्रांती सांगितली, जिना चढायचा-उतरायचा नाही म्हणाले, आणि आमच्या खोल्या वरच्या मजल्यावर. एप्रिल लागला होता. स्लॅब दुपारी तव्यासारखा तापायचा. दवाखान्यातून परत आलो तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीशी अक्का उभ्या होत्या.

"वर कुठं निघालीस? तुझी कॉट खाली लावलीय."

हॉलमध्ये, पामच्या शेजारी, त्यांचाच पलंग मांडलेला होता. त्या स्वतः आतल्या खोलीत सतरंजीवर झोपायला लागल्या. मी संकोचानं काही म्हणायला गेले तर म्हणाल्या, "या घरातली सगळ्यात गार, सगळ्यात शांत जागा ही. एका पेशंटसाठी केलेली होती, आता दोन झाले. माझं काम काही वाढत नाही."

तेव्हापासून राउंड दोघांचा. पामच्या मातीत बोट, मग माझी नाडी. पामची पानं, मग माझ्या पायांची सूज. बोलणंही तेच. एके सकाळी त्या माझ्या कपाळावर हात ठेवून "तिन्नावा?" म्हणाल्या आणि मी "हो, उपमा खाल्ला" म्हणून उत्तर दिलं. दोघींनाही लगेच काही वेगळं वाटलं नाही.

माझी आई बार्शीला वडिलांच्या आजारपणात अडकलेली, म्हणून अक्कलकोटजवळच्या गावाहून सासूबाई आल्या. शेतात राबलेलं सडसडीत माणूस. मायाळू, पण काळजीनं जिभेला विसावा नाही. आल्या आल्या त्यांनी पामकडं बघून तोंड वाकडं केलं. "घरात झाड आन् त्याच्या बुडाला खड्डा. ह्ये काय बरं लक्षण न्हाय." अक्कांनी लग्न केलं नाही हे कळल्यावर त्यांच्या कपाळाला आणखी एक आठी पडली. रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचा मला एकच प्रश्न. "हाललं का? आज हाललं का गं काय?" मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि त्यांचा उतरला की माझा.

त्याच दिवसांत पामला नवं पान येत होतं. पामचं पान बंद छत्रीसारखं येतं. सरळ, टोकदार, घट्ट मिटलेला एक भाला. तो उंच उंच होत जातो आणि मग आपल्या मनानं उकलतो. तो पुष्कळ दिवस तसाच मिटलेला राहिला. एका दुपारी सासूबाईंना राहवलं नाही. त्यांनी नखानं ती घडी सोडवायला घेतली. पान उकललं, पण फाटलं, आणि आतली कोवळी पिवळी पातळ पट्टी लोंबायला लागली. नेमक्या तेव्हाच अक्का आतून आल्या.

मी डोळे मिटून घेतले. दार आपटण्यावरून भाडेकरूंना घालवणारी बाई आता काय करेल, ते मला बघायचं नव्हतं. अक्कांनी शिवणाची कात्री आणली, फाटकं टोक कापलं, हात धुतले. मग सासूबाईंच्या शेजारी खाली जमिनीवर बसल्या.

"बाई, मी जन्मभर वाट बघायची नोकरी केली. कळा येईपर्यंत वाट बघायची, डोकं दिसेपर्यंत वाट बघायची. घाई केली की नुकसान. आतलं आत तयार होतं. आपण उकलायला जायचं नाही, आणि सारखं विचारायलाही जायचं नाही."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोनदा गेलं ओ अक्का. म्या तोंडानं काय बोलत न्हाय, पर माजा जीव थाऱ्यावर न्हाय."

"माझा तरी कुठं आहे?" अक्का म्हणाल्या.

पलंगावर पडल्या पडल्या मी ते ऐकलं. अक्कांचा जीव थाऱ्यावर नसतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यानंतर सासूबाईंनी 'हाललं का' कधी विचारलं नाही. त्यांनी टॉवेलचा एक तुकडा मागून घेतला आणि पानं पुसायला शिकल्या.

सहाव्या महिन्यात एका सकाळी, राउंडच्या आधीच, मला रक्त गेलं. नवरा कारखान्यात. अक्कांनी माझ्या पायांखाली उशा दिल्या, मनगट धरलं आणि छातीवरच्या घड्याळाकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज इतका साधा होता की जणू भाजीवाल्याशी बोलत होत्या. "घाबरू नकोस. बरंच असं होतं आणि थांबतं. डॉक्टरांना फोन केलाय. आता आपण रिक्षानं जाऊ." रिक्षावाल्याला म्हणाल्या, "धीरे ले रे बाबा. खड्डा देखके. गाडी में दो जीव हैं." सगळ्या रस्त्यात त्यांचा एक हात माझ्या पोटावर होता आणि दुसऱ्यानं त्यांनी पुढचा दांडा गच्च धरलेला होता.

डॉक्टरांनी मशीन लावलं. खोलीभर बाळाच्या ठोक्यांचा आवाज आला, घोड्याच्या टापांसारखा, जलद आणि एकसारखा. त्या आवाजासरशी अक्का भिंतीला टेकल्या आणि सावकाश खाली बसल्या. "सिस्टर, तुम्ही?" डॉक्टर हसून म्हणाले. अक्का म्हणाल्या, "वॉर्डात पेशंट दुसऱ्याचा असतो. घरातला असला की पाय जातात, हे मला माहीत नव्हतं." संध्याकाळी घरी आलो तेव्हा पामची माती कोरडीठक्क पडली होती. त्या दिवशी राउंड झालाच नव्हता. अक्कांनी पाणी घातलं, पण त्याला काही बोलल्या नाहीत. त्या माझ्या उशाशी येऊन बसल्या आणि तिथंच बसून पेंगल्या.

पुढं सगळं सुरळीत झालं. दिवस भरले, मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, रडायला खणखणीत. आता ती शाळेत जाते. आम्ही आमचं घर घेतलं त्यालाही बरीच वर्षं झाली, पण रविवारी दुपार अक्कांकडेच जाते. त्या आता थकल्यात. राउंडला बसायला स्टूल लागतं, आणि पानं पुसायचं काम सासूबाई गावाकडून आल्या की त्यांच्याकडे असतं. दोघी मिळून कूलरच्या वाऱ्यावरून भांडतात. बरं चाललंय.

पण अक्का म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येतं ते बारसं.

बारसं अक्कांच्याच हॉलमध्ये केलं. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या, पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजवून ठेवल्या होत्या. नाव सांगायची वेळ आली आणि कुजबुज सुरू झाली. नाव सांगते ती आत्या. माझ्या नवऱ्याला बहीण नाही. चुलत, मावस कुणीतरी पुढं करा, असं चाललं होतं. तेवढ्यात सासूबाई उठल्या, स्वयंपाकघराच्या दारात मागं उभ्या असलेल्या अक्कांचा हात धरला आणि त्यांना पाळण्यापाशी घेऊन आल्या.

"माज्या पोराला भैन न्हाय," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आजपास्नं हाय. वाका, अक्का."

अक्का म्हणाल्या, "अहो, मी असलं कधी केलेलं नाही. शेकडो पोरं झाली हातावर, पण बारशाला कोण बोलावतंय नर्सला?"

"म्हून तर. वाका."

अक्का वाकल्या. पाळण्यात तोंड घालून त्यांनी पोरीच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. आता रीत अशी, की आत्यानं नाव सांगितलं की जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. सगळ्या जणी मुठी वळून उभ्या राहिल्या आणि एकीचाही हात पुढं होईना. अक्कांच्या अंगाला कुणी गमतीनं हात लावल्याचं गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. अक्का वाकलेल्याच.

"मारताय का नाही?" पाळण्यातून आवाज आला. "माझी कंबर दुखायली की!"

सासूबाईंनी पहिला बुक्का घातला. शेतातलाच हात तो. त्याबरोबर सगळ्या बायका हसत, ओरडत तुटून पडल्या. साखरपुडा झालेली समोरची मुलगी, तिची आई, दही मागायला येणाऱ्या सगळ्या. अक्कांचा अंबाडा सुटला, चष्मा पोरीच्या दुपट्यावर पडला, घड्याळ तिरकं झालं. त्या सरळ झाल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या इतक्या हसत होत्या की त्यांना बोलता येईना.

मी त्यांचा चष्मा उचलून दिला. त्यांनी तो पदराला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि सगळ्या बायकांकडं एकदा बघितलं.

"पोरीनं नीट ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "परत सांगते." आणि पुन्हा पाळण्यावर वाकल्या.